४७३ नॅनोमीटरचा निळा ठिपका

"मावशी, फोर-वेव्ह मिक्सिंग हा आमच्याकडचा मोठा ताप आहे."

रविवारी भाचा जेवायला आला होता. सहा महिन्यांपूर्वी तो महापेला एका टेलिकॉम कंपनीत लागला. सध्या त्याचं ट्रेनिंग सुरू आहे आणि ऑप्टिकल फायबरवर रोज काही ना काही नवीन शिकून येतो. मी त्याला अळूची भाजी वाढत होते, ती पळी हातातच राहिली. ज्या गोष्टीची वाट बघण्यात माझी पीएचडीची पहिली दीड वर्षं गेली, तिला माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून कुणी ताप म्हणत होतं.

"कसला ताप?"

"अगं, एका फायबरमधून आम्ही वेगवेगळ्या तरंगलांबीचे कितीतरी चॅनेल पाठवतो. त्यातले तीन एकत्र आले की चौथा आपोआप तयार होतो. कुणी न पाठवलेला. आणि तो नेमका दुसऱ्या कुणाच्या तरी चॅनेलवर जाऊन बसतो."

त्याने ट्रेनिंगच्या वहीतलं उदाहरण सांगितलं. १९३.१, १९३.२ आणि १९३.३ टेराहर्ट्झ वारंवारतेचे तीन चॅनेल समान अंतरावर ठेवले, तर पहिला अधिक तिसरा वजा दुसरा म्हणजे पुन्हा १९३.२. नवा प्रकाश थेट मधल्या चॅनेलच्या अंगावर. तीन चॅनेलमधून असे नऊ मिश्र प्रकाश निघतात, चारांतून चोवीस. तो बरोबरच सांगत होता. पण मला आठवत होता तो अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कार्डावर पडलेला निळा ठिपका. जेवण झाल्यावर मी कपाटातून जुनी प्रयोगवही काढली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्यातच होतो. त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण मराठीत हे फारसं वाचायला मिळत नाही.

आधी थोडा इतिहास. १९६० साली मेमनने रुबीचा पहिला लेसर चालवला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात फ्रँकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तसला लाल लेसर क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठवला आणि पलीकडे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मिळवला. फोटोग्राफिक प्लेटवर तो इतका बारीक ठिपका होता, की छपाईच्या वेळी कुणीतरी तो डाग समजून पुसून टाकला. छापलेल्या चित्रात बाण आहे, पण बाणाच्या टोकाशी काहीच नाही. ही हकिगत मी बारावीच्या वर्गात दरवर्षी सांगते. एरवी प्रकाश प्रकाशातून आरपार निघून जातो, एकमेकांना ओळखही देत नाही. पण लेसरइतका तीव्र असला की पदार्थाच्या मध्यस्थीने दोन प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि नवा रंग जन्माला येतो, हे त्या पुसलेल्या ठिपक्याने दाखवून दिलं.

मात्र फ्रँकेनची युक्ती ठरावीक स्फटिकांतच चालते. हवा, पाणी, काच यांची आतली रचना सगळ्या दिशांनी सारखी असते आणि तिथे दोन लहरींतून तिसरी काढण्याचा परिणाम स्वतःच स्वतःला खोडून टाकतो. तिथे पहिला शिल्लक राहणारा परिणाम असतो तीन लहरींतून चौथी. म्हणून वायू, ज्योत, द्रव, काच, जिवंत पेशी या सगळ्यांसाठी फोर-वेव्ह मिक्सिंग. भाच्याच्या काचेच्या तंतूतही तेच आणि माझ्या पीएचडीच्या प्रयोगातल्या बर्नरच्या ज्योतीतही तेच.

माझं काम होतं कार्स या तंत्राने ज्योतीचं तापमान मोजायचं. कोहेरंट अँटी-स्टोक्स रामन स्कॅटरिंग याची ती आद्याक्षरं. रामन परिणाम आपल्या ओळखीचा आहे, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या फलकावर असतो. रेणूवर प्रकाश पडला की त्यातला अगदी थोडा भाग, लाखो-कोटी फोटॉनांतला एखादा, रेणूच्या कंपनाइतकी ऊर्जा देऊन किंवा घेऊन बाहेर पडतो. रंग किती बदलला यावरून रेणू कोणता ते कळतं. अडचण एवढीच, की तो प्रकाश अत्यंत मंद असतो आणि सगळ्या दिशांना विखुरतो. समोर पेटलेली ज्योत असेल तर तिच्याच उजेडात तो बुडून जातो.

कार्समध्ये रेणूला आपण होऊन कंप पावायला लावतात. नायट्रोजनचं उदाहरण घेते, कारण माझी चार-साडेचार वर्षं त्याच्याबरोबरच गेली. नायट्रोजनच्या रेणूचं कंपन स्पेक्ट्रोस्कोपीच्या मापात सुमारे २३३० प्रति सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ७० लाख कोटी वेळा. आता ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर आणि ६०७ नॅनोमीटरचा नारिंगी लेसर एकाच जागी आणले, तर त्यांच्या वारंवारतांतला फरक नेमका तेवढाच येतो. त्या बिंदूतले सगळे नायट्रोजन रेणू त्या फरकाच्या तालावर एकदम, एका लयीत थरथरतात. त्या लयीवर पुन्हा हिरवा प्रकाश आदळतो आणि कंपनाइतका वर सरकून बाहेर पडतो. ४७३ नॅनोमीटर. निळा. दोनदा हिरवा, एकदा नारिंगी आणि चौथा निळा, अशा या चार लहरी. रेणू मात्र शेवटी जिथे होता तिथेच परत येतो, स्वतःकडे काही ठेवून घेत नाही. मला ही गोष्ट तेव्हाही फार सुंदर वाटायची, अजून वाटते.

हा प्रयोग पहिल्यांदा केला मेकर आणि टर्ह्यून यांनी, १९६५ साली, फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत. कार्स हे नाव स्टॅनफर्डमधल्या मंडळींनी १९७४ मध्ये दिलं. मोटारींच्या कंपनीत जन्मलेल्या तंत्राला कार्स नाव पडावं आणि पुढे त्याच तंत्राने इंजिनाच्या सिलिंडरमधलं तापमान मोजलं जावं, हा योगायोग मला मनापासून आवडतो.

आता मुख्य मुद्दा, फेज मॅचिंग. भाच्याला हे समजावताना मला गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आठवली. आपल्या ठाण्यात कौपिनेश्वरापासून निघते ती. समजा ढोल-ताशाचं पथक शंभर मीटर लांब एका रांगेत उभं आहे. आवाजाला शेवटच्या ढोलापासून पहिल्या ढोलापर्यंत पोचायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. सगळ्यांनी घड्याळ लावून एकाच क्षणी टिपरू मारलं, तर पुढे उभ्या असलेल्या माणसाला एक ठोका ऐकू येणार नाही, लांबलेला गडगडाट ऐकू येईल. पण सर्वांत मागच्याने आधी वाजवलं आणि प्रत्येकाने मागून आलेला आवाज आपल्यापाशी पोचला त्याच क्षणी आपलं टिपरू मारलं तर? पुढच्या माणसाच्या छातीवर सगळ्या ढोलांचा मिळून एकच ठोका आदळेल. पथकाच्या मागे उभ्या असलेल्याला मात्र तेच वादन विस्कटलेलं ऐकू येईल.

फेज मॅचिंग म्हणजे हेच. बिंदूतला प्रत्येक रेणू निळ्या प्रकाशाचा आपापला इवलासा ठोका देतो. आधी निघालेली निळी लहर आणि पुढचा रेणू ज्या क्षणी ठोका देतो तो क्षण जुळला, तर सगळं मिळून एका दिशेला जाणारा काटेकोर किरण होतो. नाही जुळला तर थोड्याच अंतरात एकाने दिलेलं दुसरा खोडतो. आणि जुळल्यावर लहरींच्या उंचीची बेरीज होत असल्याने, रेणू दुप्पट केले तर तीव्रता चौपट होते. साध्या रामनमध्ये दुप्पटला दुप्पटच. तिथे सगळे वाजवत असतात, पण प्रत्येकजण आपल्या मनाने.

हवेत हे जुळवणं तसं सोपं, कारण हिरवा, नारिंगी, निळा तिघंही हवेतून जवळजवळ एकाच वेगाने जातात. तिन्ही किरण एका रेषेत ठेवले तरी चालतं. पण मग सिग्नल संपूर्ण रेषेभर तयार होतो आणि ज्योतीतल्या नेमक्या कुठल्या जागेचं तापमान मोजलं ते सांगता येत नाही. यावर १९७८ मध्ये एकब्रेथने बॉक्सकार्स नावाची मांडणी सुचवली. पुढे तिचंच एक रूप आलं, ते आम्ही वापरायचो. भिंगावर तीन किरण चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत पाडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत हिरवे आणि तिसऱ्यात नारिंगी. तिघं ज्योतीत एका बिंदूत एकमेकांना छेदतात आणि पलीकडे चौथ्या, मोकळ्या कोपऱ्यात निळा उगवतो. रांगोळीचे तीन ठिपके आपण द्यायचे आणि चौथा ठिपका निसर्गाने मांडायचा, असं माझ्या वहीत मी तेव्हा लिहून ठेवलं आहे.

तो ठिपका मात्र यायलाच तयार नव्हता.

१९९८ सालचा पावसाळा. रोज ठाण्याहून लोकलने प्रयोगशाळेत जायचं, दाराशी चपला काढायच्या, बांगड्या, घड्याळ आणि अंगठी काढून डब्यात ठेवायची, कारण हातावरच्या कुठल्याही चकचकीत वस्तूवरून किरण उलटून डोळ्यात जाऊ शकतो. मग एनडी-याग लेसर सुरू करायचा. सेकंदाला दहा स्पंद, म्हणून खोलीभर टक-टक-टक-टक असा आवाज. त्याचा काही हिरवा प्रकाश रोडामिन ६४० या रंगद्रव्याच्या द्रावणात सोडून त्यातून नारिंगी लेसर काढायचा. ते द्रावण बदलताना हातमोज्यातूनही कुठेतरी थेंब लागायचाच आणि मग दोन-दोन दिवस बोटं गुलाबी राहायची. घरी पोळ्या लाटताना आई विचारायची, आज पण रंगपंचमी का?

सगळं जागेवर होतं. तिन्ही किरण एकाच बिंदूतून जातात हे मी शंभर मायक्रॉनच्या छिद्रातून पुन्हा पुन्हा तपासलं होतं. नारिंगी लेसरची तरंगलांबी बरोबर होती. ऑसिलोस्कोपवर हिरवा आणि नारिंगी स्पंद एकाच वेळी येताना दिसत होते. तरी निळं काही नाही. दोन महिने नाही. सर रोज एकदा डोकावून जायचे, काही बोलायचे नाहीत. ते मला जास्त जड जायचं.

शेवटी मी शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेऊन गेले. लेसर बंद असताना टेबलावर आरशाआरशाला दोरा लावत, ज्या ठिकाणी किरण विभागला जातो तिथपासून छेदनबिंदूपर्यंत दोन्ही वाटा मोजल्या. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. आमचा स्पंद साधारण आठ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबीचा. नारिंगीची वाट हिरव्यापेक्षा १ मीटर ८० सेंटीमीटर जास्त निघाली. म्हणजे हिरवा सहा नॅनोसेकंद आधी पोचून बहुतेक निघून गेलेला असायचा, तेव्हा नारिंगी यायचा.

मग स्कोपवर ते एकत्र कसे दिसत होते? हिरव्याच्या फोटोडायोडची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरची, केबल नारिंगीच्या केबलपेक्षा सव्वा मीटरच्या आसपास लांब होती. केबलमधून सिग्नल नॅनोसेकंदाला जेमतेम २० सेंटीमीटर जातो. सहा नॅनोसेकंदांची चूक केबलने बरोबर सहा नॅनोसेकंदांनी झाकली होती. कुणीतरी कधीतरी सोयीसाठी लावलेली केबल, आणि माझे दोन महिने.

टेबलाच्या कोपऱ्यात दोन आरसे वाढवून हिरव्याला ९० सेंटीमीटर जायला आणि तेवढंच परत यायला लावलं. दिवे घालवले. पुढे हिरवा आणि नारिंगी अडवणारे फिल्टर, त्यापुढे पांढरं कार्ड. ज्योत पेटवलीही नव्हती, मध्ये होती नुसती खोलीतली हवा, जिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कार्डावर टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका दहाच्या तालात लुकलुकत होता.

मी आधी नारिंगी किरण पुठ्ठ्याने अडवला. ठिपका गेला. पुठ्ठा काढला, ठिपका आला. हिरवा अडवला, गेला. हीच खरी परीक्षा. एखादा भटका उजेड असता तर एक किरण अडवूनही उरला असता. सगळे हजर असतील तरच जो दिसतो, तोच चौथा. सरांना बोलवायला मी अनवाणीच धावले. त्यांनी स्वतः पुठ्ठा घेऊन तीन वेळा तेच केलं आणि म्हणाले, "आता तारीख घाल वहीत." ती तारीख आणि शेजारी चिकटवलेलं ते कार्ड भाच्याने रविवारी पाहिलं.

पुढची वर्षं ज्योतीची. एलपीजी आणि हवेच्या ज्योतीत तापमान २००० केल्विनच्या आसपास जातं. तिथे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, घातलं तर ते ज्योतच बिघडवतं, शिवाय स्वतः उष्णता फेकत असल्याने कमी तापमान दाखवतं. कार्सला आत काहीच घालावं लागत नाही. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचे जवळजवळ सगळे रेणू कंपनाच्या तळपायरीवर असतात. २००० केल्विनला त्यातले बरेच पहिल्या पायरीवर चढलेले असतात आणि तिथून वरची उडी जरा लहान, २३०१ प्रति सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून मुख्य शिखराच्या शेजारी दुसरं शिखर उगवतं. दोघांच्या उंचीचं नातं म्हणजे थर्मामीटर. नारिंगी लेसर मुद्दाम रुंद पट्ट्याचा ठेवला की आठ नॅनोसेकंदांच्या एकाच स्पंदात पूर्ण वर्णपट मिळतो, ज्योत कितीही फडफडत असली तरी. आणि निळा किरण सरळ एका दिशेला जात असल्याने डिटेक्टर दोन मीटर लांब ठेवायचा. ज्योतीचा उजेड वाटेतच पांगतो, किरण पोचतो.

"आणि तुला काही ताप नव्हता?" भाच्याने विचारलं.

होता. बर्नरच्या आतल्या भागात, जिथे गॅस अजून जळायचा असतो, तिथे वर्णपटाचा आकार वाकडा यायचा. रेणूंच्या कंपनाशी संबंध नसलेली एक पार्श्वभूमी असते. कुठल्याही पदार्थातले इलेक्ट्रॉन तीव्र प्रकाशाला थोडी दाद देतातच, वारंवारता कुठलीही असो. तीही चार लहरींचंच मिश्रण करते, पण तिच्यात रेणूची काही ओळख नसते. हायड्रोकार्बनमध्ये ती जोरात असते आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळून शिखर तिरपं करते.

हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. भाच्याच्या फायबरमध्ये जे होतं ते हुबेहूब हेच. काचेतल्या इलेक्ट्रॉनांची, कंपनाशी देणंघेणं नसलेली दाद. पंचवीस वर्षांपूर्वी जिला मी माझ्या वर्णपटातून वजा करत बसायचे, तीच आज त्याच्या चॅनेलवर जाऊन बसते आहे.

आणि उपायही त्याच ढोल-पथकातला. डिस्पर्शन म्हणजे तरंगलांबीगणिक वेगात पडणारा फरक. एकेकाळी १५५० नॅनोमीटरला डिस्पर्शन शून्य असलेलं फायबर मोठं वरदान मानलं गेलं, कारण त्यात स्पंद पसरत नाहीत. एकच चॅनेल होता तोवर ते उत्तमच होतं. अनेक चॅनेल आल्यावर कळलं की डिस्पर्शन शून्य म्हणजे सगळ्या तरंगलांब्या एका वेगाने जाणार, म्हणजे फेज मॅचिंग आयतंच, किलोमीटरच्या किलोमीटर. म्हणून पुढे मुद्दाम थोडं डिस्पर्शन शिल्लक ठेवलेली फायबर आली. साध्या फायबरमध्ये तर या भागात ते किलोमीटर आणि नॅनोमीटरमागे १७ पिकोसेकंदांच्या आसपास असतंच. चॅनेलांचे पाय एकमेकांच्या पुढेमागे होत राहतात, ठोके जुळत नाहीत, चौथा मोठा होत नाही. जे मी दोन महिने आणि एक रीळ दोरा खर्चून जुळवलं, ते न जुळू देण्यासाठी त्याच्या क्षेत्रातल्या लोकांनी काचेची घडण बदलली. हे ऐकून तो बराच वेळ वहीतल्या आरशांच्या आकृतीकडे बघत राहिला.

फायबरमधलं हे मिश्रण नेहमी नकोसंच असतं असंही नाही. एका तरंगलांबीवरची माहिती दुसरीवर न्यायला ते वापरतात. १९८५ साली बेल लॅब्जमध्ये सोडियमच्या अणूंत चार लहरींचं मिश्रण करून पहिल्यांदा स्क्वीझ्ड प्रकाश मिळवला, ज्याच्यातला एक प्रकारचा गोंगाट निर्वात पोकळीच्या नैसर्गिक गोंगाटापेक्षाही कमी असतो.

पण मला स्वतःला सर्वांत जवळचं वाटतं ते सूक्ष्मदर्शकातलं काम. १९९९ मध्ये झुम्बुश, होल्टम आणि झी यांनी कार्स जिवंत पेशींवर सोयीने वापरता येईल असं करून दाखवलं. चरबीच्या रेणूंतले कार्बन-हायड्रोजन बंध २८४५ प्रति सेंटीमीटरला कंप पावतात. तेवढा फरक लावला की पेशीतले चरबीचे थेंब, मज्जातंतूंवरचं आवरण, कुठलाही रंग न घालता उजळून दिसतं. इथे खारघरला टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगावर रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं काम झालं आहे. ते साध्या रामनचं, चार लहरींचं नव्हे. पण तंबाखूने ज्या भागात इतकी माणसं नेली, तिथे रेणूंच्या कंपनावरून आजार ओळखायचा प्रयत्न माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होतो, याचं मोल मला फार वाटतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली यंदा भौतिकशास्त्र घेणार म्हणतात. त्यांना मी हेच आधी सांगितलं.

रविवारी निघताना भाच्याने विचारलं, की त्यांच्या ट्रेनिंग लॅबमध्ये जुन्या, शून्य डिस्पर्शनच्या फायबरचं एक रीळ पडून आहे, त्यावर काही करून बघता येईल का. मी म्हटलं, दोनच चॅनेल पाठव, १९३.१ आणि १९३.२. पॉवर हळूहळू वाढव आणि १९३.० आणि १९३.३ वर नजर ठेव.

बुधवारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना त्याचा फोटो आला. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा पडदा. मध्ये दोन उंच शिखरं आणि दोन्ही बाजूंना, तेवढ्याच अंतरावर, दोन लहान. त्याचा प्रकाश १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा, तरी माझ्यासमोर ते पांढरं कार्डच आलं.

मी लिहिलं, "आता एक चॅनेल बंद कर."

दोन मिनिटं काही नाही. मग मेसेज आला, "दोन्ही लहान गेले मावशी."

"परत लाव."

"आले."

"तारीख घाल वहीत," मी लिहिलं.